दारागणिक एक साडी

माझं माहेर उरणच्या वाटेवरचं, खाडीच्या काठचं, मिठागरावालं गाव. बाप मिठागरावर जायचा, आई दुसऱ्याच्या शेतात लावनीला, आनि आमी पोरं दिवसभर चिखलात निवटे, ते चिखलातले उड्या मारनारे मासे, धरत हिंडायचो. नाव माझं गुलाब ठेवलं. आता खाऱ्या मातीत गुलाब कुठनं लागायला, पन पोरगी गोरी हाय म्हनून आजीनं ठेवलं, मंग ती गोरी पोरगी उन्हात करपून अशी झाली, बघा, तुमच्यासमोर बसलीय. लगीन होऊन आले ती पनवेलच्या अलीकडच्या गावात. त्या गावाचं नाव सांगत नाय तुमाला, सांगितलं तर तुमी नकाशात शोधाल आनि ते सापडनार नाय, कारन सगळं गाव विमानतळात गेलं, आमची आळी होती ना, तिच्यावरनं आता विमान धावतं. तुमी आलात सेलचं इचारायला, सेलमध्ये साडी कशी घ्यावी ते लिवायला, आनि मी कुठनं सुरू केलं बघा. पन ताई, माझ्याकडं ह्या दोन गोष्टी येगळ्या निघत नाय. एक ओढली का दुसरी संगं येते.

दुकान आमचं पनवेलच्या जुन्या बाजारात, नाव लिवू नका, मी गुपितं सांगते ते शेठला आवडायचं नाय. मी पयल्यांदा गेले ती फॉल लावायला. काउंटरच्या मागं सतरंजीवर बसायचं आनि दिवसभर साड्यांना आतनं फॉल शिवायचा, हातानं, बारीक टाक्यानं. आमचे हे टेम्पो चालवायचे, घरी सासू होती पोरीला बघायला, म्हनून जमलं. मंग एका सेलला एवढी गर्दी झाली का शेठ बोलला, गुलाबबेन, जरा काउंटरवर उभ्या राहा, दोन तासांचं काम आहे. ते दोन तास अजून संपले नाय, उभीच हाय. दुकानात मी शुद्ध बोलते बरं का, या मॅडम, बसा मॅडम, पैठणी दाखवू की शिफॉन दाखवू, असं सगळं येतं मला. आळीतल्या बाया आल्या का मंग जीभ सुटायची, शेठ लांबनं हसायचा.

आता लिवून घ्या. पयली गोष्ट, आषाढात या. आषाढात लग्नं नाय, सन नाय, बाया शेतात नाय तर घरात, दुकानात माशा मारतो आमी, म्हनून तो सेल. श्रावन लागला का गौरी-गणपतीची खरेदी सुरू, मंग शेठ परत शेठ होतो. ज्या बाईच्या घरात मार्गशीर्षात लगीन हाय तिनं आषाढातच उरकून घ्यावं, दिवाळीनंतर धावत आली तर तिला शेठ खुर्ची देतो, चहा पाजतो, आनि चहा पिऊन झाला का भाव कमी करा म्हनायला बाईच्या तोंडातनं शब्द फुटत नाय. सेलात कोनाला चहा नसतो. काळी साडी पायजे तर संक्रांत झाल्यावर या, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काळ्या साडीला कोनी कुत्रं इचारत नाय, घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी हायच संक्रांत. आनि सेलात दोन माल असतात ताई, एक दुकानातला राहिलेला आनि एक सेलसाठीच आनलेला. राहिलेला चांगला. त्याच्या घडीवर बारीक धुळीची रेघ असते, कागद जुना असतो, काय बिघडत नाय त्यानं, झटकली का गेली. सेलसाठी आनलेला कडक असतो, खळ मारलेला, वास घेऊन बघा, एक धुन्यात त्याचं पोतेरं होतं.

मंग रंग. आमच्याकडं लग्नाच्या साड्यांवर पिवळे दिवे हायत, त्याच्याखाली सगळंच सोन्यासारखं दिसतं, मी दिसते तिथं, तुमी काय बोलता. साडी उचला आनि दाराशी या, उजेडात. शेठ बोलेल मॅडम आरसा आत आहे, बोलू दे, तुमी दाराशीच या. सगळी उलगडायला लावा, पदर आनि काठ बघू नका, ते चांगलेच असतात, डाग असला तर निऱ्यांच्या जागी असतो. घडीवर उजेडाकडं धरून बघा, धागा फाकलेला दिसला का ती साडी फार दिवस बसून हाय. ब्लाऊजपीस जोडलेला हाय का ते बघा, सेलात कधी कधी कापलेला असतो. रुमाल ओला करून काठावर घासा. आमी काउंटरवाल्या बाया रागावत नाय ह्याला, तोंड वाकडं करतो ते दिवसभर उभं राहून पाय दुखतात म्हनून. आनि एकटी येऊ नका. नवऱ्याला आनू नका, तो पिशवी धरून दाराशी उभा राहतो आनि मंग तुमी हातात येईल ती घेता. एखादी शेजारीन आना, तुमाला तोंडावर सांगनारी, ही तुला शोभत नाय गो म्हनून.

मला होती अशी. यमुनाबाय. माझ्या घराची आनि तिच्या घराची मधली भिंत एकच, त्या भिंतीत एक कोनाडा होता तो आरपार, कोनी पाडला देव जाने, मी आले तेव्हापासनं होता. त्यातनं कालवनाची वाटी इकडनं तिकडं जायची, मिरची यायची, माझी स्नेहल तान्ही होती तेव्हा रडायला लागली का तिकडनंच यमुनाबाय बोलायची, गुलाब, पोरीचं पोट दुखतंय गो, ओवा चाव आनि फुंकर घाल. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, जावच लागते भावकीत, पन मी तिला बायच बोलले कायम. आनि ती आमची धवलारीन. तुमाला ठाऊक नसेल, आमच्या आगऱ्यांत लगीन लावायचं तर धवलारीन लागते, हळद कुटायची, मांडव घालायचा, नवरीला न्हानायचं, एकेकाचं गानं असतं, धवला म्हनतात त्याला, ते तिनं म्हनायचं आनि बायांनी मागनं धरायचं. गळा गोड नव्हता तिचा. खाडीपलीकडच्या मानसाला हाक मारावी तसा होता. माइक नाय, काय नाय, आंगनात उभी राहून पयली ओळ सोडली का घरातली कामं टाकून बाया बाहेर यायच्या.

सेलला आमची आळी एकत्र यायची. सहा सीटच्या रिक्षात किती बाया बसतात ते पोलिसानं मोजू नये. दुकानात शिरल्या का शेठ पंखा मोठा करायचा. यमुनाबाय साडी हातात घ्यायची ती आधी उलटी करायची. का सांगू? आमच्यात लग्नाकार्यात आहेर चालतो, साडी तुमी मला दिली, मी आवडली नाय म्हनून नंदेच्या सासूला दिली, तिनं आनि कोनाला, अशा साड्या वर्षानुवर्षं फिरतात. आमच्या चांगुनाकाकीला जांभळी मोठ्या फुलांची साडी आली, तिनं ती दिली, ती साडी सगळा तालुका फिरून तिच्याच नातवाच्या बारशाला परत तिच्याच हातात आली, काकीनं ओळखली आनि परत पुढं दिली. पन साडीला एकदा फॉल लावला का ती फिरत नाय. वापरलेली झाली ती, मंग आहेरात देता येत नाय, ती नेसायचीच. म्हनून यमुनाबाय आधी आतला काठ बघायची आनि म्हनायची, बिनफॉलाची साडी म्हंजे बाईचं मन ठरलेलं नाय. बाया हसायच्या. मी फॉलवाली ना, मला फार आवडायचं ते.

आता हळदीच्या साड्यांचं सांगते, हे कोनी सांगनार नाय तुमाला. आमच्यात हळदीला सगळ्या आळीच्या बायांनी एकसारखी साडी नेसायची, एक रंग, एक काठ. तुमी म्हनाल त्यात काय, घ्यायच्या. नाय मिळत ताई. सुरतेवरनं गठ्ठा येतो त्यात डिझाइन एक पन रंग सगळे येगळे, एकेका रंगाची एकच साडी. पोपटी पायजे तर एका गठ्ठ्यात एकच पोपटी. म्हनून मी काय करायचे, चैत्रापासनं सुरू करायचे, ते डिझाइन चालतंय तोवर गठ्ठा फुटला का त्यातली पोपटी उचलायची आनि वर पोटमाळ्यावर ठेवायची, आषाढात ते डिझाइन सेलात गेलं का शेठ मला सगळ्या सेलच्या भावानं द्यायचा. शेठ इचारायचा, गुलाबबेन, किती पीस पाहिजेत? मी बोलायचे, आळीभर. आकडा मला ठाऊकच नसायचा. मी दारं मोजायचे. मनातल्या मनात घरातनं बाहेर पडायचं, डावीकडं यमुनाबायचं दार, ही तिची. मंग बारकीच्या आईचं. मंग मास्तरांचं, ही मास्तरीनबाईंची. मंग विहिरीपाशी दोघी जावांच्या दोन, नाय तर भांडन. असं करत शेवटाला गावदेवीच्या देवळाला लागून चांगुनाकाकी, तिथनं वळायचं आनि समोरच्या बाजूनं परत. एकेक पोपटी पोटमाळ्यावर ठेवताना एकेकीचं दार डोळ्यांसमोर यायचं, कोनाच्या दारात शेगट म्हंजे शेवगा, कोनाच्या दारात कोंबड्यांचा खुराडा. कधी कमी पडली नाय मला साडी, आनि कधी उरली नाय.

मंग गाव उठलं. ते सगळं पेपरात आलंय, मी काय येगळं सांगू. पैसे मिळाले, प्लॉट मिळाले, चिठ्ठ्या टाकून मिळाले म्हनून शेजारी शेजारी रायला नाय, एक ह्या सेक्टरला, एक त्या सेक्टरला. आमी बिल्डिंग बांधली, खाली भाडेकरू, वर आमी, संडास घरात, पानी नळाला, खोटं कशाला बोलू, सुख हाय. पन भिंतीपलीकडं कोन राहतं मला ठाऊक नाय. आमटी ऊतू गेली तरी कोनी बोलत नाय. यमुनाबायला मुलगा नाय, लेक एकच, ती उरणच्या पुढं करंजाला दिलेली, तर ती लेकीकडं गेली. जाताना आळीतलं शेवटचं लगीन होतं त्याची हळद तिनंच म्हटली, अर्ध्या घरांची कौलं उतरवलेली होती, आनि ती पडक्या पडवीत उभी राहून म्हनत होती, आमी सगळ्या पोपटी साड्या नेसून मागनं धरत होतो.

त्याच्यानंतर इकडं सेक्टरातल्या हॉलात माझ्या पुतन्याची हळद झाली. यमुनाबाय आली करंजावरनं, एवढ्या लांबनं. एसी हॉल, फुलांचा झुला, डीजे. ती पुढं झाली, पदर खोचला, पयली ओळ घेतली असेल नसेल, तेवढ्यात डीजेवाल्यानं सुरू केलं, आनि एक कॅमेरावाला आला, तो काय वाईट बोलला नाय, पोरगा बिचारा कामाचा, बोलला, आजी, जरा साइडला बसा, फ्रेममध्ये येताय. ती हसली, साइडला बसली. ताट वाढलं ते तसंच ठेवलं आनि उजेड असतानाच उरणच्या बसला लागली. तेव्हापासनं ती कोनाच्या लग्नाला जात नाय. गेल्या थंडीत चांगुनाकाकी गेली, तिच्या दिवसाला आली, रडली, पन लग्नाला नाय. मी फोन करायचे, पन फोनवर ती फक्त मासळीचं बोलते.

आनि यंदा माझ्या स्नेहलचं ठरलं. मार्गशीर्षात लगीन हाय. पोरगी खारघरला ऑफिसात जाते, मुलगा पन चांगला हाय, हसरा हाय, मला आई बोलतो. स्नेहल बोलली, मम्मी, हळदीच्या साड्या मोबाईलवर मागव, सगळ्या सेम रंगाच्या मिळतात, दोन दिवसांत घरी. मी बोलले मिळत असतील, पन त्या मी ठेवलेल्या नाय. मंग ती बोलली, यमुनाकाकी येईल ना गं? मी डीजेवाल्याला सांगितलंय, धवला संपल्याशिवाय सुरू करायचं नाही. माझी पोरगी, इंग्रजीत बोलते दिवसभर, तिला ते ध्यानात होतं. काय सांगू तुमाला, मला बाकी काय नको वाटलं त्या लग्नात. दागिने कमी झाले चालतील, जेवन साधं झालं चालेल, यमुनाबायनं माझ्या पोरीला हळद म्हनायला पायजे.

म्हनून चैत्रापासनं परत पोपटी. गठ्ठा फुटला का उचलायची, पोटमाळ्यावर ठेवायची, दार मोजायचं. गाव नाय, दारं नाय, पन माझी मोजनी तीच, दुसरी मला येत नाय. मास्तरीनबाई मुलाकडं नाशिकला गेली, तरी मास्तरांच्या दाराशी आले का हात आपोआप साडी ठेवतो. चांगुनाकाकीच्या दिवसाला मी स्वता जेवून आले, तरी देवळापाशी पोचले का तिची साडी ठेवली. नंतर कळलं, पन परत काढायचं धाडस झालं नाय, ते दार मी कसं ओलांडू सांगा.

सेल सुरू झाला तशी मी माझ्या सुट्टीला यमुनाबायची साडी घेतली आनि करंजाला गेले. फॉल मुद्दाम लावला नाय, आपन लावून नेला तर जबरदस्ती होते. पावसाचे दिवस, होड्या सगळ्या वर ओढून झाकलेल्या, बंदर गप. ही पडवीत बसून उन्हाळ्यातला सुका जवळा निवडत होती. बारीक झालीय. मी साडी समोर ठेवली, बोलले स्नेहलची हळद हाय. ती बोलली, ठेव तिकडं, हाताला वास हाय माझ्या. मंग सगळं बोलली, गुडघ्याचं बोलली, जवळ्याचं बोलली, लेकीनं चहा दिला तो प्यायलो. साडीचं नाव नाय. मी उठले तेव्हा खाली बघूनच बोलली, गुलाब, माझा गळा गेला गो, लग्नं काय माझ्याबिगर अडत नाय. मी बोलले म्हनू नको बाय, नुसती ये, बस. तर बोलली, नुसतं बसायला करंजा काय वाईट हाय? बसमध्ये मी रडले. बाजूला एक म्हातारा होता, त्यानं खिडकी लावून घेतली, पाऊस आत येतोय असं वाटलं असेल त्याला.

आनि मंग काय झालं, सेलचे शेवटचे दिवस. तेव्हा या तुमी, ते पन लिवा, शेवटाला शेठ मागचा माल काढतो. मी एका मॅडमला साड्या दाखवत होते आनि बघते तर गिऱ्हाइकांच्या मागं यमुनाबाय उभी, एका हातात ओली छत्री, एका हातात प्लास्टिकची पिशवी. नंबर लागेपर्यंत उभी रायली. मंग पुढं आली आनि पिशवी काउंटरवर ठेवली, बोलली, ही परत घे, दुसऱ्या कोनाला तरी दे, मी नाय येत.  माझ्या तोंडातनं काय निघालं, तर दुकानातली भाषा. बोलले, सेलचा माल परत घेतला जात नाही, वर बोर्ड आहे. ती बोलली, मला वाचता येत नाय. मी बोलले, म्हनून तर वाचून दाखवते. शेजारची मॅडम हसली. यमुनाबाय नाय हसली, पन गेली पन नाय, स्टूल ओढून बसली.

मी पानी दिलं. ती बोलली, घेतल्यास का सगळ्यांच्या? बोलले, आळीभर. कोनाकोनाच्या, सांग. मी सुरू केलं, तुझी, बारकीच्या आईची, मास्तरीनबाईंची. ती बोलली, ती कुठं हाय आता? बोलले नाशिकला.  मी पुढं चालले, विहीर, दोघी जावा, आनि देवळापाशी आले तेव्हा बोलले चांगुनाकाकीची. यमुनाबाय बोलली, चांगुना गेली ना गो. मी बोलले ठाऊक हाय, पन तिचं दार येतं ना मधी. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्यामागं लोक थांबलेले, शेठ बोलवतोय, आनि आमी दोघी समोरच्या बाजूनं परत यायला लागलो, आता तीच सांगत होती, मी नुसती मान हलवत होते, कोनाचं शेगट, कोनाचा खुराडा, सगळं तिला पाठ. आलो माझ्या दाराशी. ती बोलली, आनि तुझी?

माझी कुठली. मी घरातनं निघते ना मोजायला, माझं दार माझ्या पाठीमागं राहतं. ते मी कधी मोजलंच नव्हतं. पन मंग ताई, इतकी वर्षं माझी साडी कुठनं येत होती? एकदा पन कमी पडली नव्हती. मी इचारलं तिला. तर बोलली, तू घरी आनायचीस आनि वाटायला कोन असायचं? मीच ना? मी माझ्या दारातनं निघायचे, पयलं दार तुझंच लागतं, पयली तुझी काढून ठेवायचे, आनि शेवटाला माझी कमी पडायची, मंग मी शेठकडनं तसलीच एक मागवून घ्यायचे, काठ थोडा येगळा असायचा, तुला कधी कळला नाय, फॉलवाली कसली तू. मी काउंटरवरच रडले. एवढी वर्षं शेजारी उभी राहून, एकसारख्या साडीत हळद म्हटली आमी, आनि तिचा काठ मी बघितला नाय, तोंडाकडं बघत रायले तिच्या.

मी बोलले, आता डिझाइन संपलं, गठ्ठा नाय, माझी कुठनं आनू. ती बोलली, चांगुनाची तू नेस. आलेली साडी दुसऱ्याला द्यायची सवयच होती तिला. आनि मंग हसलो आमी, दोघी, पोट धरून, शेठ बघतच रायला. हसून झालं तशी ती उठली, पिशवीतली आपली साडी काढली, दाराशी गेली उजेडात. सगळी उलगडली, निऱ्यांच्या जागी बघितलं, छत्रीच्या पान्यात बोट बुडवून काठावर घासलं. शेठ बोलला, अजून काय बघायचं आहे ह्यांना? मी बोलले, बघू द्या शेठ. परत आली, साडी माझ्या हातात दिली, बोलली, रंग चांगला हाय. मंग बोलली, फॉल हातानं लाव, मशीनची शिलाई मला टोचते. आनि चार वाजताची बस हाय म्हनून निघाली. येते बोलली नाय, नाय येत बोलली नाय. मी पन इचारलं नाय.

तीच ही साडी, माझ्या मांडीवरची, तुमी आलात तेव्हापासनं जी शिवतेय. बाजूची ती चांगुनाकाकीची, म्हंजे माझी, तिचा फॉल झाला. स्नेहल ऑफिसातनं आली का रोज इचारते, यमुनाकाकीचा फोन आला का, मी बोलते नाय आला. यमुनाबायचं वय झालंय, गुडघे गेलेत, हॉल तोच हाय, आनि गळ्याचं ती खरंच बोलली असेल तर काय करनार, हॉलभर पोहोचला नाय तर नाय पोहोचला, मला ऐकू आला तरी पुरे. तुमचं भलं होवो ताई, तुमच्या घरात कार्य निघालं तर आषाढात या, मी हाय, चांगली काढून ठेवीन. ही सुई जरा ओवून द्या, दोरा पोपटीच घ्या, संध्याकाळचं मला दिसत नाय. एवढा काठ रायलाय, आज उरकते. मार्गशीर्षाला अजून येळ हाय, ती येते का नाय देवाला ठाऊक. पन एकदा फॉल लागला का ही साडी तिला आता दुसऱ्या कोनाला देता येनार नाय.